६१ ते ८० नंबरच्या बारीक ड्रिल्सचा संच: मॉडेल करणाऱ्यांसाठी परीक्षण

बेळगावला यंत्रकामाची हत्यारे मिळत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्री, हायड्रॉलिक्सचे कारखाने आणि मशीन शॉप यांच्या जोरावर येथील दुकानांत टॅप, रीमर, एंडमिल सहज हाताला लागतात. परंतु एक मिलिमीटरच्या खालचे ड्रिल मागितले की मी फिरलेल्या बहुतेक दुकानांत ‘मागवून देतो’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी एका दुकानदाराकडून मागवून घेतलेला ६१ ते ८० नंबरच्या वीस एचएसएस (हाय स्पीड स्टील, म्हणजे कठीण पण लवचिक पोलाद) ड्रिल्सचा संच आणि त्याच सुमारास ऑनलाइन घेतलेली दहा कार्बाइड (पोलादाहूनही कठीण टंगस्टन कार्बाइडच्या) ड्रिल्सची डबी, असे दोन्ही मी प्लॅस्टिक, रेझिन आणि पितळ यांवर भरपूर वापरून पाहिले आहे. हाताने भोक पाडणाऱ्याने कार्बाइडच्या नादी न लागता एचएसएस घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

आधी मापाचा विचार करू, कारण ड्रिलची निवड तेथेच ठरते. मूळ वस्तूचे माप मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला मॉडेलच्या प्रमाणाने भागायचे, इतकेच गणित आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र शहरात आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र सांबऱ्याला असल्यामुळे आपल्याकडच्या मॉडेलकारांचा ओढा रणगाडे आणि लढाऊ विमाने यांकडे अधिक असतो, म्हणून उदाहरणे तीच घेतो. १९७१ मध्ये लोंगेवाला येथे रणगाड्यांवर तुटून पडलेल्या हंटर विमानाच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा होत्या. १/७२ प्रमाणात त्यांच्या नळीचे भोक ०.४२ मिलिमीटर येते आणि संचातले ७८ नंबरचे ड्रिल ०.४०६ मिलिमीटरचे आहे. टी-७२ रणगाड्याच्या टपावरील १२.७ मिलिमीटरची मशीनगन १/३५ प्रमाणात ०.३६ मिलिमीटर होते. तिला ७९ नंबर, म्हणजे ०.३६८ मिलिमीटर, जवळजवळ नेमका बसतो. त्याच रणगाड्याची ७.६२ मिलिमीटरची मशीनगन मात्र ०.२२ मिलिमीटरवर येते आणि ८० नंबर ०.३४३ मिलिमीटरचा असल्यामुळे हा संच तेथे कमी पडतो. अशा ठिकाणी भोक पाडत बसण्यापेक्षा मेडिकलच्या दुकानातील २७ गेजची इंजेक्शनची सुई कापून नळीच्या जागी बसवावी, असा माझा सल्ला आहे. तिचा बाहेरचा व्यास सुमारे ०.४१ आणि आतला सुमारे ०.२१ मिलिमीटर असतो, त्यामुळे भोक आयतेच मिळते आणि सुई बसवण्यासाठी ७७ नंबरने पाडलेली बैठक पुरते. सुईचे टोक मात्र आधी घासून बोथट करावे आणि कापताना डोळ्यांवर चष्मा असावा.

नंबरांची पद्धत नव्या माणसाला गोंधळात टाकते, कारण नंबर जितका मोठा तितके ड्रिल बारीक, आणि दोन नंबरांमधले अंतरही सारखे नाही. ८० आणि ७९ यांच्यात ०.०२५ मिलिमीटरचा फरक आहे, तर ७८ आणि ७७ यांच्यात त्याच्या दुप्पट. ६१ नंबर ०.९९ मिलिमीटरचा असल्यामुळे संपूर्ण संच एक मिलिमीटरच्या आत संपतो. मिलिमीटरच्या मापातले संचही मिळतात आणि आपल्या तारा, नळ्या मिलिमीटरमध्येच येत असल्यामुळे ते सोयीचे वाटतात. तरीही पिन घालण्याच्या, म्हणजे दोन भाग तारेचा तुकडा घालून जोडण्याच्या, कामात मला नंबरांची पद्धत अधिक उपयोगी पडली आहे. ०.५ मिलिमीटरच्या पितळी तारेसाठी ०.५ चे भोक पाडले तर तार आत जाता जाता अडते, ०.६ चे पाडले तर ती हलते. ७५ नंबरचे ०.५३३ मिलिमीटरचे भोक तार सरळ धरते आणि सुपरग्लूला शिरायला जागाही ठेवते.

आता संचाविषयी. वीस ड्रिल्स गोल लोखंडी स्टँडमध्ये उभी येतात, वरचे झाकण फिरवून हवा तो नंबर बाहेर काढता येतो आणि स्टँड टेबलावर डळमळत नाही. ड्रिल्सचा शँक, म्हणजे पकडायचा मागचा दांडा, त्यांच्याच व्यासाचा, म्हणजे सरळ आहे, त्यामुळे बारीक कॉलेट (ड्रिल आवळून धरणारी चिरलेली नळी) असलेला पिन व्हाइस, म्हणजे बोटांनी फिरवायचा छोटा ड्रिलधारक, लागतोच; साध्या हॅन्ड ड्रिलच्या चकमध्ये ८० नंबर धरलाच जात नाही. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ती भिंग लावून मी सर्व टोके पाहिली. मोठ्या नंबरांच्या, म्हणजे बारीक, ड्रिल्सपैकी काहींच्या दोन धारा सारख्या नव्हत्या. एक धार लांब असली की भोक ठरलेल्या मापापेक्षा मोठे पडते आणि मध्यही सरकतो. स्टँडवर ७२ आणि ७३ यांच्या जागाही उलटसुलट भरलेल्या होत्या, जे डोळ्यांना कळणे शक्यच नव्हते आणि मायक्रोमीटर लावल्यावरच कळले. दुकानदाराला हे दाखवले तेव्हा त्याने ‘एवढ्या बारीक मालात एवढे चालायचेच’ असे म्हणून विषय संपवला. मला ते पटलेले नाही. बारीक मालातच मापाला किंमत असते, नाहीतर ग्राहकाने नंबर वाचून पैसे मोजायचे कशासाठी? म्हणून संच घरी आल्यावर प्रत्येक ड्रिल मोजून घ्यावे आणि सपाट काचेवर बोटाने हलके फिरवून ते वाकडे नाही याची खात्री करावी. एवढी तपासणी केल्यानंतर उरलेली ड्रिल्स मात्र उत्तम निघाली. त्यांचे पोलाद लवचिक आहे, हात किंचित ढळला तर ड्रिल वाकून पुन्हा सरळ होते, आणि पॉलिस्टायरीनमध्ये, म्हणजे मॉडेलच्या नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये, त्यांची धार दीर्घकाळ टिकते.

कार्बाइडची कथा वेगळी आहे. ही ड्रिल्स इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्यांना भोके पाडण्यासाठी बनतात. त्यांचा शँक ३.१७५ मिलिमीटरचा जाड असतो आणि मापाची ओळख पटावी म्हणून त्यावर रंगीत प्लॅस्टिकचे कडे बसवलेले असते. काचतंतूच्या पाटीत मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरणाऱ्या, ताठ बसवलेल्या मशीनसाठी ती घडवलेली आहेत आणि तेथे ती अतुलनीय आहेत. परंतु टंगस्टन कार्बाइड जितके कठीण तितकेच ठिसूळ; बाजूने किंचित जोर आला की ते न वाकता तुटते, आणि पिन व्हाइस हातात धरला की बाजूचा जोर येणारच. तुटलेला तुकडा नळीत अडकला तर तो दुसऱ्या ड्रिलने काढता येत नाही, कारण आपल्याकडचे कोणतेही पोलाद त्याच्याहून मऊच असते. मग नळी कापून नवी बसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. छोटा ड्रिल स्टँड असेल आणि पितळ किंवा व्हाइट मेटलमध्ये (मॉडेलचे भाग ओतण्याचा मऊ मिश्रधातू) पुष्कळ भोके पाडायची असतील, तरच ही डबी घ्यावी. स्वस्त डब्यांमध्ये पुन्हा धार लावलेली जुनी ड्रिल्सही येतात, त्यांची लांबी एकमेकांशी जुळत नाही यावरून ती ओळखू येतात.

वापराची रीत सांगितल्याशिवाय ड्रिलची परीक्षा पुरी होत नाही. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे विजेच्या यंत्राने वेगात भोक पाडायला गेल्यास प्लॅस्टिक वितळून ड्रिलला चिकटते, हातानेच फिरवावे. मशीनगनच्या नळीचे तोंड ब्लेडने सपाट करून भिंगाखाली सुईने मध्यावर एक ठसा उमटवावा, आणि तो मध्यावर नसेल तर सुई तिरपी टेकवून त्याला मध्याकडे ढकलावे. पिन व्हाइसचे मोकळे फिरणारे डोके तळहातात टेकवून, अंगठा आणि मधले बोट यांनी दांडा फिरवायचा. दाबायचे नाही, व्हाइसचे वजनच पुरेसे होते. ड्रिल धारेवर असेल तर दोन्ही खाचांतून केसासारखा बारीक पांढरा कीस वळत वर येतो. कीस येण्याऐवजी भुकटी पडू लागली तर धार गेली आहे असे समजावे, आणि कीस खाचेत दाटू लागला की ड्रिल बाहेर काढून मऊ ब्रशने झाडावे. ड्रिल कॉलेटमध्ये जितके आत ढकलता येईल तितके ढकलून केवळ लागेल तेवढेच टोक बाहेर ठेवले तर ८० नंबरसुद्धा सहसा तुटत नाही. रेझिनमध्ये भोक पाडताना मात्र तोंडावर मास्क हवाच, कारण ती धूळ फुप्फुसांना अपायकारक असते.

किमतीच्या मानाने, तोही पिन व्हाइस वेगळा घ्यावा लागतो हे धरून, हा संच मी घेण्याजोगा मानतो. परंतु वीसही नंबर सारखे लागत नाहीत. माझे जवळजवळ सर्व काम ७५, ७७, ७८ आणि ७९ यांवर चालते, म्हणून दुकानदार सुटे नग मागवून देत असेल तर या चारांचे प्रत्येकी पाच-सहा नग घेणे संपूर्ण दुसरा संच घेण्यापेक्षा शहाणपणाचे ठरेल. शहापुरातल्या सराफी कामाच्या हत्यारांतही बारीक ड्रिल्स असतात, पण त्यांपैकी पुष्कळांचा शँक हँडपीससाठीचा (सराफांच्या फिरत्या यंत्राचा हातात धरायचा भाग) २.३५ मिलिमीटरचा असतो. आपल्या पिन व्हाइसचे कॉलेट तेवढे उघडते का, हे पाहूनच ती घ्यावीत. आणि बेळगाव, खानापूरकडच्या पावसाळ्यात एचएसएसला गंज चढायला वेळ लागत नाही. स्टँडमध्ये तेलाचा थेंब सोडून झाकण घट्ट लावावे, सिलिका जेलच्या पुड्यांसह तो डब्यात ठेवावा, आणि काम करण्यापूर्वी ड्रिल स्पिरिटने पुसून घ्यावे, कारण भोकाच्या कडेला तेलाचा अंश राहिला तर तेथे रंग धरत नाही.