18,500 रुपयांची हवा

वही ठेवणारा माणूस फसत नाही, असं मला वाटायचं. किती डिझेल टाकलं, किती किलोमीटर झाले, माल किती टन होता, हे मी 22 वर्षं लिहीत आलोय. पहिली सेकंडहँड गाडी घेतली तेव्हापासूनच्या सगळ्या वह्या घरात लोखंडी कपाटात आहेत. तरीही मागच्या मार्चमध्ये मी एका माणसाला 18,500 रुपये मोजले आणि बदल्यात पत्र्याचं एक नरसाळं घेऊन आलो. त्या नरसाळ्यापायी पुढं इंजिन उघडावं लागलं, त्याचा आकडा सावकाश सांगतो.

गाडी सहा टायरी, 2017 ची. सोलापूर-पुणे नेहमीची लाइन. जाताना बहुतेक चादरी-टॉवेलच्या गाठी, येताना जे भाडं मिळेल ते. अ‍ॅव्हरेज लिटरला पाच, फार तर सव्वापाच. हप्ता, टोल, टायर काढले की हातात काय राहतं ते गाडीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मार्केट यार्डाजवळच्या टपरीवर चहा घेताना तो भेटला. म्हणजे भेटवला गेला. ओळखीतला एक ड्रायव्हर सहज बोलल्यासारखं म्हणाला, "आमच्या गाडीला बसवलंय, साडेसहा देतीय." त्याला गाडीमागं 1,500 मिळत होते, हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

बोलायला मात्र तो माणूस एकदम पट्टीचा. "अण्णा, गाडी पळताना हात खिडकीबाहेर काढला की कसा मागं ढकलला जातो? तीच हवा रोज फुकट चाललीय. ती नळीनं धरायची आणि इंजिनात कोंबायची. याला रॅम एअर म्हणतात, विमानाला असतं." लॅमिनेट केलेला एक कागद होता, त्यावर रंगीत आलेख. लिटरला दीड किलोमीटर वाढलं नाही तर पैसे परत, हे तोंडी.

मी तिथंच मनातल्या मनात हिशेब मांडला. महिन्याला 8,000 किलोमीटर. पाचनं भागलं तर 1,600 लिटर, साडेसहानं भागलं तर 1,230. म्हणजे 370 लिटर वाचले. डिझेल 90 रुपये धरलं तरी महिन्याला 33,000. ज्या माणसाला महिन्याला 33,000 दिसायला लागतात, त्याला समोरचं नरसाळं दिसत नाही.

शहराबाहेर त्याचं पत्र्याचं शेड होतं. सकाळी नऊला गाडी लावली, दुपारी चारला मिळाली. कॅबिनच्या मागून वर जाणारी मूळ हवेची नळी आणि एअर क्लीनरचा डबा, दोन्ही काढून टाकले. त्या जागी पाच इंची पीव्हीसी पाइप, दोन एल्बो, पुढच्या जाळीशेजारी पत्र्याचं रुंद तोंड, मध्ये स्टीलच्या जाळीत गुंडाळलेला स्पंज. सांध्यांना एम-सील, वरून काळा रंग आणि एक चकचकीत स्टिकर. स्पंजाला तो "वॉशेबल फिल्टर" म्हणाला.

आता खरी गोम ऐका. "पहिल्या गिऱ्हाईकाला सर्व्हिस फ्री," असं म्हणून त्यानं त्याच दिवशी सहाही टायरची हवा बघून भरली. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक घासत होता, तो मोकळा केला. माझा जुना फिल्टर चोंदलेला होता, तो तर डब्यासकट गेलाच. मला केवढं कौतुक वाटलं! अहो, या तीन गोष्टी कुठल्याही गाडीला केल्या तर ती हलकी पळणारच. पाइप नसता बसवला तरी पळाली असती. तीन औषधं एकदम पाजायची आणि गुण चौथ्या ताईताला लावायचा, असला तो प्रकार.

मग टेस्ट. पंप त्यानं सांगितला तो. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरली, फेस बसू दिला, परत टॉप केली. पुण्याला जाऊन आलो, 510 किलोमीटर. येताना माल निम्माच होता. परत त्याच पंपावर आलो तर नोझल पहिल्यांदा कट झालं तसा तो म्हणाला, "बस." 83 लिटर बसले. 510 भागिले 83, सहाच्या वर! मी वहीत लाल पेनानं लिहिलं. सुरुवातीला गळ्यापर्यंत आणि शेवटी पहिल्या कटला, यात मोठ्या टाकीत सहा-सात लिटर सहज लपतात. येतानाचा अर्धा माल वेगळाच. हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो.

बिल मागितलं तर म्हणाला, "बिल केलं तर जीएसटी बसंल, बिनबिलाचं 2,000 कमी करतो." मी 2,000 वाचवले. पैसे क्यूआर कोडवर पाठवले, वर नाव कुणा भलत्याच बाईचं आलं. तिथंही मी थांबलो नाही.

एप्रिलमध्ये अ‍ॅव्हरेज 5.4. मे महिन्यात 5.2. जूनमध्ये 4.8.

इथं जे केलं त्याची मला पैशापेक्षा जास्त लाज वाटते. माझ्या गाडीवर नऊ वर्षं एकच ड्रायव्हर, वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. पाइप तर बरोबर आहे, टेस्ट माझ्या डोळ्यांदेखत झालीय, मग डिझेल जातंय कुठं? मी मामांना विचारलं. विचारलं म्हणजे काय, आडून आडून बोललो, पंपाच्या पावत्या परत परत मागितल्या. एकदा टाकीला नवीन कुलूप लावून किल्ली स्वतःकडं ठेवली. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीची चावी बायकोच्या हातात देऊन गावी निघून गेले. जाताना तिला एवढंच म्हणाले, "मालकाला सांगा, जुना डबा बर्थखाली गुंडाळून ठेवलाय, टाकू नका."

बदली ड्रायव्हर आला. दुसऱ्याच ट्रिपला त्यानं सावळेश्वर टोलवरून फोन केला, "शेठ, गाडी ऑइल खातीय. ब्रीदरमधून धूर निघलालाय." ब्रीदर म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी. माझ्या जुन्या फिटरकडं गाडी नेली. त्यानं बॉनेटबिनेट काही बघितलं नाही. सरळ टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, तोंडाची नळी काढली, आत बोट फिरवलं आणि बोट माझ्यापुढं धरलं. पिठासारखी तांबूस धूळ. "काय बे हे, कुठली चक्की बसवलास?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूळ डब्यात हवा आधी गोल फिरते, जड धूळ तिथंच खाली बसते आणि तळाच्या रबरी वाल्वमधून पडून जाते. मग मोठा कागदी फिल्टर. त्याच्या पोटात आणखी एक बारका, सेफ्टी फिल्टर. आणि हवा घ्यायचं तोंड कॅबिनच्या मागं उंचावर ठेवलेलं असतं, ते शोभेसाठी नाही. खालची धूळ, चिखल, पावसाचं पाणी यापासून लांब राहावं म्हणून. आमच्या भागातला उन्हाळा, होटगीकडचे सिमेंटचे ट्रक, क्रशरची धूळ, हे सगळं त्या बहाद्दरानं बंपरच्या उंचीवर तोंड आ वासून इंजिनात घेतलं. धुळीतली वाळू पिस्टनच्या रिंगा आणि लायनर, म्हणजे सिलेंडरचं आतलं अस्तर, सँडपेपरसारखी घासते. टर्बोच्या पात्यांच्या कडा तर हाताला बोथट लागत होत्या. पावसाळा जोरात लागायच्या आत पाइप निघाला, हे नशीबच. पाण्याचा लोंढा सिलेंडरमध्ये गेला असता तर पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉडच वाकला असता.

लायनर-पिस्टन, रिंगा, टर्बो, ऑइल, मजुरी धरून 1 लाख 38 हजार. गाडी 19 दिवस उभी.

त्या 19 दिवसांनंतर माझा भाचा सुट्टीला आला, मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. पाइपमध्ये निदान थोडं तरी तथ्य असेल, असं मी त्याच्याशी भांडत होतो. माणूस फसल्यावरही आपल्या मूर्खपणाला थोडा आधार शोधतोच. तो मला म्हणाला, "मोजूनच बघू." शेजारी बांधकाम चालू होतं, तिथनं गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणली. यू आकारात फळीवर बांधली, निम्मं पाणी भरलं. गाडी मूळ डब्यावर, नरसाळं नुसतं पुढं बांधलेलं, त्याचं मागचं तोंड बूच मारून बंद आणि बुचातून नळीचं एक टोक आत. मोहोळकडं सरळ रस्त्याला गाडी काढली.

ताशी 60 ला दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेमतेम दीड सेंटीमीटरचा फरक. ट्रकला स्पीड लॉक 80 चं, तिथं अडीच सेंटीमीटर. बस. दोन बोटं पाणीसुद्धा नाही.

"आता टर्बोचं सांगतो," भाचा म्हणाला. "टर्बो चढवतो तो दाब, म्हणजे बूस्ट, एक बार धरला तर तो दहा मीटर पाण्याचा दाब. तीन मजल्यांवरची टाकी. त्यात तू अडीच सेंटीमीटर घालणार?" फिल्टर चोंदल्याचा लाल निशाण दाखवणारं इंडिकेटरसुद्धा साधारण 60 सेंटीमीटर पाण्याइतकी ओढ झाली की लाल होतं म्हणे, म्हणजे फिल्टर वेळेवर बदलला तर जे मिळतं त्याच्या पासंगालाही हे नरसाळं पुरत नाही. शिवाय हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. तुळजापूरच्या घाटात गाडी 20 नं चढते, इंजिनाला खरी हवा तिथं लागते आणि तिथं दाब 80 च्या सोळाव्या हिश्शावर येतो. शर्यतीची गाडी ताशी 300 नं पळाली तरी हवेच्या दाबात भर पडते ती चारेक टक्के. आणि सगळ्यात वर, डिझेल इंजिनात हवा तशीही गरजेपेक्षा जास्तच असते. पेट्रोल इंजिनासारखी पडद्यानं हवा कमीजास्त करून ते चालत नाही. त्यामुळं हवा जास्त गेली म्हणून डिझेल कमी लागेल, हे गणितच मुळात नाही.

मी शेडवर गेलो. तो होता, पळाला नव्हता. शांतपणे म्हणाला, "अण्णा, तुम्ही फिल्टर धुतला नसणार." दर आठवड्याला धुतला म्हटलं तर म्हणाला, "मग जास्त धुतला." पैसे परतीचं कुठं लिहिलंय, असंही विचारलं. कुठंच लिहिलं नव्हतं.

एका वकिलांना भेटलो. स्वतःचं पोट भरायला स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या गाडीचा मालक 2019 च्या ग्राहक कायद्यात बसू शकतो, जिल्हा आयोगाकडं 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि सुरुवातीला 1915 या हेल्पलाइनवर फोन करा, एवढं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "बिल?" मी गप्प. क्यूआरची नोंद आहे, पण त्या बाईचा आणि शेडचा संबंध मी दाखवायचा. तो दाखवायच्या खटपटीत अजून आहे. नरसाळं, स्पंज आणि फिटरनं काढलेले लायनर पोत्यात घालून ठेवलेत, ते मात्र कुणी मागितले तरी देणार नाही. तुमच्याकडं असलं काही बसवलेलं असेल तर आधी टर्बोच्या तोंडाची नळी काढून बोट फिरवून बघा, मग पुढचं. आणि कुणी टेस्ट दाखवत असेल तर पंप तुमचा, माल तोच, दोन्ही वेळा टाकी गळ्यापर्यंत, आणि त्या दिवशी गाडीला दुसरा पाना लावू देऊ नका.

मामांकडं मी स्वतः गेलो, अक्कलकोटच्या पुढं त्यांचं गाव. कुलपाची किल्ली त्यांच्यापुढं ठेवली. काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, मामा जेवणभर पावसावरच बोलले. सोमवारी गाडीवर हजर झाले. टाकीला कुलूप अजून आहे, किल्ली त्यांच्या करदोट्याला असते.

परवा मार्केट यार्डात तोच कमिशनवाला ड्रायव्हर दिसला. मला बघून चहा तसाच ठेवून उठला. टपरीवाल्यानं सांगितलं, आता डिझेलच्या पाइपला बांधायचं चुंबक आलंय. 4,500 रुपये. बिनबिलाचं.