सॉयर स्क्वीझ फिल्टर: गाळणी ठेवा, पिशवी बदला

सॉयर स्क्वीझ या पाणी गाळायच्या फिल्टरबद्दलच्या बहुतेक तक्रारी नीट ऐकल्या तर त्या फिल्टरच्या नसतात, सोबत मिळणाऱ्या पिशवीच्या असतात. वृक्षरेषेच्या, म्हणजे जिथे झाडं संपतात त्या उंचीच्या, वरच्या एखाद्या तळ्यावर दोन-तीन रात्री राहायचं असेल तर हा फरक खरेदीच्या आधीच कळलेला बरा. तिथलं पाणी साचलेलं असतं, बर्फासारखं गार असतं आणि पुष्कळदा त्यात दगडाचं पीठ मिसळलेलं असतं. वाहत्या ओढ्यावर गुमान काम करणारी वस्तू या तिन्ही गोष्टींपुढे कुरकुर करू लागते.

आधी वस्तू काय आहे ते. मुठीत मावणारी, कोरडी असताना साधारण ८५ ग्रॅम वजनाची नळी. आत पोकळ तंतूंचा जुडगा. तंतूंच्या भिंतींना ०.१ मायक्रॉनची छिद्रं, पाणी बाहेरून आत झिरपतं आणि घाण बाहेर राहते. तळ्याकाठच्या पाण्यातला मुख्य शत्रू जिआर्डिया, पोट बिघडवणारा एकपेशीय परजीवी. त्याच्या पुटी, म्हणजे कवचात बंद झालेले जीव, ८ ते १२ मायक्रॉनच्या. क्रिप्टोस्पोरिडियम या तशाच दुसऱ्या परजीवीच्या ४ ते ६. जिवाणूही छिद्रांपेक्षा मोठेच असतात. म्हणजे वर चरणारी मेंढरं आणि कडेला बिळं करून राहणारे प्राणी पाण्यात जे सोडतात, त्यातलं बहुतेक इथे अडतं. विषाणू अडत नाहीत, ते कितीतरी लहान असतात. पाण्यात विरघळलेलं काहीच अडत नाही: खाणीतून झिरपलेले धातू नाहीत, निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष नाही. ते विष उकळूनही जात नाही. काठाला हिरवट साय किंवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर फिल्टर सॅकमध्येच ठेवा आणि दुसरं पाणी शोधा.

कंपनी १ लाख गॅलनचा आकडा मिरवते. लिटरमध्ये ते पावणेचार लाखांच्या वर जातं. रोज ३ लिटर पाणी पिणाऱ्या एका माणसाला ते साडेतीनशे वर्षं पुरेल, तेव्हा त्या आकड्यावर भुलून घेऊ नका. फिल्टर म्हातारा होऊन मरत नाही. तो गोठून मरतो, तुंबून मरतो किंवा वॉशर हरवल्यामुळे निकामी होतो.

आता पिशवी. तिच्यात कच्चं पाणी भरायचं, तोंडावर फिल्टर बसवायचा आणि दाबून पाणी त्यातून काढायचं. तिचं तोंड २८ मिलिमीटरचं, म्हणजे साध्या पाण्याच्या बाटलीएवढं. ओढ्यात धार असते, तोंड धारेसमोर धरलं की पिशवी फुगत जाते. तळ्यात धार नसते. चपटी पिशवी बुडवली की तिच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात आणि घोटभर पाणी आत जाऊन काम थांबतं. बुडवण्याआधी फुंकर मारून पिशवी फुगवली तर थोडं सुधारतं, पण लिटर भरेपर्यंत बोटं बधिर होतात. यावर जुना आणि फुकटचा इलाज म्हणजे प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून केलेलं ओगराळं. वजन नगण्य, सॅकच्या बाहेरच्या खिशात बसतं. त्याने पाणी पिशवीत ओतायचं.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे एक टोक पूर्ण उघडणारी पिशवी घेणं. क्नॉक कंपनीची वेक्टो अशीच आहे: एका टोकाला २८ मिलिमीटरचे आटे, दुसरं टोक सगळं उघडं, त्यावर सरकपट्टी. उघडं टोक पाण्यातून एकदा ओढलं की दोन लिटर भरतात. पट्टी सरकवून वरचा काठ एकदा दुमडला की गळत नाही. मूळ पिशवीपेक्षा ती जरा जड आहे, पण तळ्याकाठच्या मुक्कामाला हे वजन नि:संकोच उचलावं. मूळ पिशवीची दुसरी अडचण शिवणीची. फिल्टर तुंबू लागला की माणूस जोर वाढवतो, पिशवी टॉवेलसारखी पिळतो आणि ती मानेजवळ किंवा कडेच्या जोडावर फाटते. दाब तळहातांनी सपाट द्यायचा, वरून खाली पिशवी गुंडाळत आणायची. पीळ घालायचा नाही. एवढं पाळलं तर तीही बराच काळ टिकते, तरी एकुलती एक म्हणून तिच्या भरवशावर जाऊ नये.

फिल्टर थेट बाटलीवर बसवूनही पिता येतं, फक्त बाटली आत चेपत जाते आणि मधून मधून आटे सैल करून तिला हवा द्यावी लागते. बाटली घरीच लावून बघा. आखूड मानेच्या हलक्या बाटल्यांचे आटे वेगळे असतात, त्यावर फिल्टर नीट बसत नाही आणि कडेने कच्चं पाणी झिरपतं.

पाणी कुठून भरायचं हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. हिमनदीच्या पाण्यावर पोसलेलं तळं दुधी-निळं दिसतं, तो रंग खडकाच्या बारीक पिठाचा. बर्फाच्या वजनाखाली दगडावर दगड घासून झालेलं हे पीठ इतकं बारीक असतं की दिवसेंदिवस खाली बसत नाही, आणि फिल्टरची छिद्रं बुजवण्यात त्याच्याइतकं तरबेज काही नाही. तळ्यात जिथे ओढा येऊन मिळतो तिथे पाणी वाहतं असतं खरं, पण सगळ्यात जास्त गाळही तिथेच असतो. तळं म्हणजे निवळण्याची मोठी टाकीच. म्हणून ते जिथून बाहेर पडतं त्या तोंडाशी भरा: तिथे धारही मिळते आणि पाणी त्यातल्या त्यात निवळलेलं असतं. तळ्याला वळसा घालून जावं लागलं तरी चालेल. वितळत्या बर्फाच्या ओढ्यावरूनच भरायचं असेल तर पहाटे भरा, दुपारी ऊन तापलं की ओढा फुगतो आणि गढूळ होतो.

गढूळ पाणी भांड्यात रात्रभर ठेवून वरचंवरचं घेतलं तर बराच फरक पडतो. घाई असेल तर तुरटी. चार लिटरला चिमूटभर पूड टाकून पाच मिनिटं ढवळायचं, मग अर्धा तास हात लावायचा नाही. पिठाचे कण एकमेकांना धरून खाली बसतात. रुमालाने गाळून काडीकचरा निघतो, दगडाचं पीठ नाही. ते कापडातून आरपार जातं.

थंडीचे दोन हिशेब आहेत. पहिला साधा. पाणी गार झालं की दाट होतं: शून्याजवळ त्याची चिकटाई २० अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ १.८ पट असते. म्हणून घरी नळाखाली मिनिटात लिटर देणारा फिल्टर तळ्यावर पावणेदोन मिनिटं घेतो. तो तुंबलेला नाही, उगाच पिशवीवर राग काढू नका.

दुसरा हिशेब फिल्टरच्या जिवाशी आहे. एकदा ओला झाला की तो कायमचा ओला समजा. झटकून, फुंकून तंतूंमधलं सगळं पाणी निघत नाही. ते गोठलं की फुगतं आणि तंतूंना चीर पाडतं. वाईट गोष्ट ही की बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी येतच राहतं, उलट थोडं जोरात येतं. डोंगरात करून बघण्यासारखी खात्रीची चाचणी नाही, आणि गोठल्याची शंका असेल तर फिल्टर बदला असं कंपनीच सांगते. कारखान्यातून आलेला कोरडा, कधीच न भिजलेला फिल्टर थंडीत सुरक्षित असतो, एकदा वापरलेला नाही.

तेव्हा रात्रीचा नेम असा. जेवण झाल्यावर शेवटचं पाणी गाळा, फिल्टर दोन-तीनदा जोरात झटका, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घ्या. पायाशी नको, तिथे रात्री उतरत्या प्रहराला थंडी शिरते. सकाळी निघताना तो सॅकच्या बाहेरच्या जाळीत खोचायची सवय अनेकांना असते. वारा असलेल्या खिंडीत पारा शून्याखाली असेल तर तासाभरात घात होतो. जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. जोडीला क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्यांची एक पट्टी असू द्या. फिल्टर गोठलाच तर तेवढीच सोय उरते. फक्त क्रिप्टोस्पोरिडियमसाठी ४ तास थांबावं लागतं, त्यामुळे गोळी तहान लागल्यावर नाही, झोपताना टाकायची. उकळणं हा पक्का उपाय आहेच: २,००० मीटरच्या वर खळखळून उकळी आल्यावर ३ मिनिटं. पण दोघांचं दिवसभराचं पाणी उकळत बसलात तर गॅसचा डबा स्वयंपाकाला उरणार नाही.

ज्या बाजूने पिशवी बसते तिथे आत एक रबरी वॉशर असतो. पिशवी फार आवळली की तो चेपतो, आणि कधी पिशवीच्या तोंडाला चिकटून फिल्टरमधून निघून येतो. मग कुठल्यातरी गवतात पडतो. वॉशर नसला की आट्यांमधून कच्चं पाणी गळतं, नळीच्या अंगावरून ओघळतं आणि खालच्या स्वच्छ बाटलीत पडतं. इतके कष्ट करून गाळलेलं पाणी चार थेंबांनी बाटतं. आटे बोटांच्या जोरावरच बसवा, पिशवी काढताना प्रत्येक वेळी आत नजर टाका, आणि एक जादा वॉशर प्रथमोपचाराच्या डबीत ठेवा. कच्च्या पाण्याच्या पिशवीवर मार्करने ठळक खूण करा. संध्याकाळी दमलेल्या हातांना दोन पिशव्यांतला फरक कळत नाही.

तुंबणं टाळता येत नाही, पण फिल्टर उलटा धुता येतो, म्हणजे पाणी उलट्या दिशेने ढकलून. सिरिंजमध्ये गाळलेलंच पाणी घ्यायचं, पिण्याच्या तोंडाला लावायचं आणि दट्ट्या एका झटक्यात दाबायचा. हळूहळू दाबलं तर पाणी आधीच मोकळ्या असलेल्या तंतूंतून निघून जातं आणि बुजलेले तसेच राहतात. बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा. स्वच्छ तळ्यावर मुक्कामाला एकदा पुरतं, दुधी पाण्यावर प्रत्येक दोन-तीन लिटरमागे करावं लागेल. हे पाणी तळ्यात सोडू नका. काठापासून सत्तरेक पावलं दूर जाऊन ओता, भांडी घासतो तिथेच.

चौघांच्या गटात पिळत बसणं कंटाळवाणं होतं. तिथे टांगून गाळावं. पिशवी उंचावर, तिच्याखाली नळी, नळीच्या टोकाला फिल्टर, खाली बाटली. पाण्याची पातळी आणि बाहेर पडण्याचं तोंड यांतल्या उंचीवर वेग ठरतो, त्यामुळे वीतभर अंतर ठेवून चमत्काराची वाट पाहू नका. निदान मीटरभर हवं. वर झाडं नसतात, तेव्हा मोठ्या धोंड्याच्या कडेवरून दोरी सोडा. धार मध्येच थांबली तर बहुधा फिल्टरमध्ये हवा अडकलेली असते. तंतूंच्या ओल्या भिंती हवेला वाट देत नाहीत. फिल्टर उचलून उलटा धरा, बुडबुडा पिशवीत चढू द्या, धार परत येते.

याच कंपनीचा मिनी आणखी हलका आहे, पण गार पाण्यात त्याचा वेग सोसत नाही. वजन वाचवायचं तर दुसरीकडे वाचवा. कॅटाडिन कंपनीचा बीफ्री हा खरा प्रतिस्पर्धी. त्याचीही छिद्रं ०.१ मायक्रॉनची, तोंड ४२ मिलिमीटरचं, त्यामुळे तळ्यातून भरायला सोपा, वेगही जास्त. सिरिंज लागत नाही, पाण्यात खळबळला की झालं. पण दगडाच्या पिठापुढे नुसतं खळबळणं अपुरं पडतं, त्याचं सांगितलेलं आयुष्य १,००० लिटरचं आहे आणि ४२ मिलिमीटरची पिशवी फाटली तर साधी बाटली तिथे लावता येत नाही. निळ्याशार, आरशासारख्या तळ्यावर एका रात्रीसाठी बीफ्री घ्यावा. हिमनदीखालच्या दुधी तळ्यावर चार दिवस असतील तर स्क्वीझ, सिरिंजसकट.

परत आल्यावर फिल्टर तसाच कपाटात टाकू नये. आधी कोमट पाण्याने उलटा धुवा, उकळतं पाणी नको. मग बिनवासाच्या ब्लीचचे थोडे थेंब टाकलेलं पाणी एकदा आतून फिरवा, दोन्ही टोकं उघडी ठेवून काही दिवस सावलीत वाळवा. चुनखडीच्या डोंगरातलं पाणी गाळलं असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून धुतल्याने क्षार सुटतात. वाळून कडक झालेले तंतू पुढच्या खेपेला पहिल्यांदा पाणी सोडतच नाहीत आणि फिल्टर मेला असं वाटतं. निघायच्या आदल्या रात्री तो पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी घरीच एक लिटर गाळून बघा.