ट्रकनं पाडलं, मग वकील शोधला: शिवाजीनगर कोर्टातल्या अ‍ॅक्सिडेंट क्लेम सर्व्हिसचा रिव्ह्यू

आधीच सांगते, वकील मॅडमचं नाव इथे टाकणार नाहीये. त्यांनीच सांगितलंय नको टाकू म्हणून, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे, उगाच कोणी बोट दाखवायला नको. त्यामुळे बिननावाचा रिव्ह्यू. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते येईलच पुढे.

मी पुण्यात धायरीत घरीच ब्लाऊज शिवते, फॉल पिको पण करते. ऑगस्ट २०२३ ला नवले पुलाजवळ सर्व्हिस रोडवर ट्रकनं पाडलं. ट्रक डावीकडे वळत होता आणि मी गाडीवर त्याच्या डाव्या अंगाला, केबिनच्या जराशी मागे. मागच्या चाकाचा हँडलला धक्का लागला आणि मी सगळी उजव्या हातावर. मनगट गेलं, आत प्लेट आहे. हेल्मेट होतं, त्याला जो चरा पडलाय तो बघून सासूबाई अजून देवाला हात जोडतात.

ड्रायव्हर म्हणत होता ताई तुम्ही दिसलाच नाहीत, आणि तो खोटं बोलत नव्हता हे मला नंतर कळलं. केबिन एवढी उंच, हा बसलेला उजवीकडे, डाव्या दाराखालचा पट्टा त्याला दिसतच नाही. साधी खूण म्हणजे आरशात त्याचं तोंड आपल्याला दिसत नसेल तर त्याला आपण दिसत नाही. शिवाय वळताना पुढचं चाक मोठा वळसा घेतं पण मागचं आत कापत येतं, म्हणजे जी जागा मोकळी वाटते तीच दोन सेकंदात बंद होते. आणि आपला नवले पुलाचा उतार तर सगळ्यांना माहितीच आहे, नव्या कात्रज बोगद्यातून खाली येताना डिझेल वाचवायला काहीजण गाडी न्यूट्रलला टाकतात, मग इंजिनचा ब्रेक राहत नाही, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर, ते तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकनं तिथे ४८ गाड्या ठोकल्याची बातमी होती ती आठवत असेल. माझा ट्रक त्यातला नव्हता, हळूच होता, तरी हात गेलाच.

भाजीच्या गाडीवाल्या दादांनी नंबर प्लेटचा फोटो काढला ते फार बरं झालं. ट्रक पळून गेला असता आणि सापडलाच नसता तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला फक्त ५० हजार मिळतात, मृत्यू झाला तर २ लाख. दादा आधी घाबरले होते पोलिसांत नाव जाईल म्हणून, पण मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ त्यासाठीच आहे.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशीच एक जण कार्ड घेऊन हजर. ताई एक रुपया खर्च नाही, मिळेल त्यातले तीस टक्के आमचे. नवरा सही करायला निघालाच होता, नणंदेनं थांबवलं म्हणून वाचलो. वकिलाला दाव्याच्या रकमेत टक्का ठरवून काम करताच येत नाही, तेही बार कौन्सिलच्याच नियमात. नणंदेच्या ओळखीनं मग या मॅडमकडे गेलो, कोर्टापासून चालत पाच मिनिटं, जिना अरुंद, लिफ्ट नाही, हात गळ्यात अडकवून तीन मजले चढले. फी ठरलेली, तीन हप्त्यांत, प्रत्येक वेळी पावती. स्टारची सुरुवात इथून.

पहिल्याच भेटीत त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक मोटार वाहन कायद्याचं कलम १६४, त्यात चूक कोणाची हे सिद्धच करावं लागत नाही, गंभीर दुखापतीला सरळ अडीच लाख, पण ते स्वीकारलं की विषय संपला. दुसरा १६६, त्यात ट्रकवाल्याची चूक दाखवावी लागते, वेळ लागतो, पण खरं नुकसान मागता येतं. आणि एप्रिल २०२२ पासून कायद्यात लिहिलंय की अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा. या मुदतीवरून कोर्टात वाद चालू आहेत पण मॅडम म्हणाल्या वादाच्या भरवशावर बसायचं नाही, आपण चौथ्या महिन्यातच टाकू. टाकला. ट्रकमालक बाहेरच्या राज्यातला होता तरी दावा पुण्यातच, कारण मी राहते त्या ठिकाणी करता येतो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पोलिसांचा कॉम्प एए फॉर्म (अपघाताची माहिती भरलेला), ट्रकची आरसी आणि इन्शुरन्स, हे सगळं त्यांच्या क्लार्कनं पोलीस स्टेशनला खेटे घालून आणलं, आपल्याला पाठवलं नाही. (सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना २०२५ ला आली, आमच्या वेळी नव्हती, बिलं सगळी आम्हीच भरली. तुम्ही ठरवून दिलेल्या हॉस्पिटलात असाल तर नक्की विचारा.)

आता खरा प्रश्न. माझ्याकडे सॅलरी स्लिप नाही, आयटी रिटर्न नाही, मग महिन्याला किती कमावते ते दाखवायचं कशावरून? मी म्हटलं मॅडम माझ्याकडे फक्त मापाची वही आहे. त्या म्हणाल्या आणा. पान उघडलं तर बाईचं नाव, छाती, कंबर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, कोपऱ्यात शिलाईचे पैसे आणि तारीख, वर कापडाचा तुकडा स्टेपल केलेला. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या अहो हे तर हिशोबाचं पुस्तक आहे! दोन वर्षांची पानं मोजली, यूपीआयचं स्टेटमेंट शेजारी ठेवलं, महिना १२ हजार बसले. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं मी महिन्याला किती कमावते ते.

मग ससूनचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट, त्यात २२ टक्के. मी खचले, म्हटलं एवढंच? मॅडमनी कागदाच्या मागे गणित मांडलं. १२ हजार गुणिले १२, वय ३८ म्हणून गुणक (वयाप्रमाणे ठरलेला आकडा) १५, झाले २१ लाख ६० हजार, त्याचे २२ टक्के म्हणजे ४ लाख ७५ हजार २००. पण सुप्रीम कोर्टानं २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सांगितलंय की शरीराचं अपंगत्व किती हे एक आणि त्यानं कमाई किती बुडाली हे वेगळं. ऑफिसात बसणाऱ्याचं मनगट आणि कात्री चालवणारीचं मनगट सारखं नाही. ४० टक्के धरले तर ८ लाख ६४ हजार. उपचारांचा खर्च, वेदना, बसलेले महिने हे सगळं त्यावर वेगळं. एवढं समजावून सांगणारं माणूस मला तरी बँकेत पण भेटलं नाही.

आता एक स्टार का कापला. तारखेचा मेसेज आदल्या रात्री नऊला. स्वारगेटहून सिव्हिल कोर्ट मेट्रो सुरू झाल्यापासून जाणं सोपं झालंय हो, पण ज्यांचे ब्लाऊज सकाळी द्यायचे त्यांना काय सांगू? झेरॉक्सचे पैसे दर वेळी वेगळे आणि त्याची पावती नाही. आणि सगळ्यात राग आला तो माझ्या उलटतपासणीच्या दिवशी, मॅडम दुसऱ्या कोर्टात आणि सोबत नवीन ज्युनिअर. इन्शुरन्सचे वकील म्हणाले तुम्ही डावीकडून ओव्हरटेक करत होतात हे म्हणणं खरं आहे का, म्हणजे अर्धी चूक माझ्या गळ्यात टाकून रक्कम कमी करायची. मला वाटलं ज्युनिअर काहीतरी बोलेल, ती फाईलमध्ये कागद शोधत बसलेली. मीच म्हटलं साहेब मी सरळ चालले होते, त्यानं इंडिकेटर न देता वळवला. पंचनाम्यात टायरच्या खुणा होत्या म्हणून निभावलं.

शेवटी लोक अदालतीत तडजोड झाली, २२ आणि ४० च्या मधे कुठेतरी, वर व्याज. तिथे झालेल्या निकालावर अपील नसतं हे मॅडमनी आधी दोनदा विचारून घेतलं, कळलंय ना, नको असेल तर केस पुढे चालवू. घाई केली नाही. पैसे जमा झालेत, काही एफडीत.

फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नाही. पुराव्याला दिलेली वही मूळ घेतात, तिला निशाणी नंबर पडतो आणि ती कोर्टाच्या रेकॉर्डला जाते. मी पानांचे फोटोसुद्धा काढून ठेवले नव्हते. परत मिळायला अर्ज केलाय, अजून आलेली नाही. परवा शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या मागच्या दिवाळीच्या मापाचाच शिव गं. म्हटलं काकू हात वर करा, तुमचं माप कोर्टात जमा आहे.