ऑनलाईन एम.कॉम. : ॲप चांगलं, पण वर्गात बसल्यासारखं वाटायला चार महिने गेले

५ पैकी ३ स्टार. विद्यापीठाचं नाव घेत नाही, अजून दोन सेमिस्टर काढायच्यात तिथं.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात अकाउंट बघते, रेग्युलर कॉलेज जमणारच नव्हतं, म्हणून शनिवार-रविवार लाईव्ह आणि बाकी दिवस रेकॉर्डिंग असं बघून हे घेतलं. रेकॉर्डिंग एक नंबर, रात्री भांडी आवरली की दीडच्या स्पीडला लावते.

वांदा आहे तो लाईव्हचा. दोनशेच्या आसपास जण, सगळे काळे चौकोन, सर विचारणार "समजलं का", चॅटला धडाधड "येस सर", त्यातले निम्मे तिकडं चहा पीत असणार (मी पण). हजेरीची लिंक मधेच कधीतरी येते, ५ मिनिटांत दाबली नाही की गैरहजर, भले तुम्ही दीड तास कान देऊन ऐकलं असू दे. दाबली की हजर, मग खुशाल झोपा. ग्रुप डिस्कशनला पाच जणांना वेगळ्या रूममध्ये टाकलं, तर "आवाज येतोय का", "येतोय", आणि पुढं वेळ संपेपर्यंत कुणाच्या तरी पंख्याची घरघर.

फरक पडला तो कॉस्टिंगच्या मॅडममुळं. नॉर्मल लॉस (म्हणजे माल तयार होताना ठरलेली येणारच अशी तूट) चाललेलं, पुस्तकात उदाहरण केमिकल कारखान्याचं, मी सहज चॅटला टाकलं, आमच्याकडं हळद पॉलिशला तूट येते तेच ना हे? मॅडम म्हणाल्या, "ताई, माइक चालू करा, आकडे सांगा." मग काय, १०० किलो हळकुंड १५० नं म्हणजे १५,००० ची, पॉलिशला ६ किलो तूट धरा, तेच पैसे ९४ किलोवर बसवायचे, किलो पडली १५९ रुपये ५७ पैशाला, मजुरी वेगळी. जतचा एकजण म्हणाला, पोती पावसात भिजली तर? मॅडम म्हणाल्या, ती अ‍ॅबनॉर्मल, म्हणजे नेहमीची नसलेली तूट, नफातोट्याला टाकायची, मालाच्या दरावर चढवायची नाही. तेवढ्यात तासगावच्या एकीनं बेदाण्याचं काढलं. लेक्चर २० मिनिटं जास्त चाललं तरी कोण हललं नाही. आता आम्ही सहाजण गुरुवारी रात्री कॉलवर गणितं सोडवतो.

पण असं शिकवणाऱ्या मॅडम एकाच पेपरला, म्हणून दोन स्टार कापले. बाकी पेपरात डाऊट टाकला तर उत्तर यायला आठवडा.

घेणार असाल तर लॉगिन करताना आधी स्वतःचं नाव टाका, मी पहिले दोन महिने वर्गात "रेडमी नोट" होते.