सातपूरचे काचसामानाचे दुकान आणि निर्वात ऊर्ध्वपातन

वनस्पतींच्या अर्कातील इथेनॉल परत मिळवण्यासाठी, परवाना असलेल्या आमच्या लहान प्रयोगशाळेकरिता, नाशिकमधील सातपूर औद्योगिक वसाहतीजवळच्या एका दुकानातून निर्वात ऊर्ध्वपातनाचे (हवा उपसून, कमी दाबाला द्रव उकळवून त्याची वाफ थंड करून गोळा करण्याचे) सुटे भाग घेतले. सपाट बुडाचा चंबू निर्वातात बाहेरच्या हवेच्या दाबाने फुटू शकतो, म्हणून तो स्वस्त असूनही विक्रेत्याने दिला नाही आणि गोल बुडाचाच घ्यायला लावला, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. एरवी 78 अंशांना उकळणारे इथेनॉल सुमारे 175 मिलिबार इतक्या कमी दाबाला 40 अंशांवरच उकळते, त्यामुळे अर्क करपत नाही. मात्र नाशिकच्या उन्हाळ्यात संघनकाला (वाफ थंड करून तिचा द्रव करणाऱ्या भागाला) नळाचे पाणी पुरत नाही, बर्फ लागतोच. दुकानातल्या रबरी नळ्या सुमार आहेत. त्या निर्वातात चपट्या होतात, तेव्हा जाड भिंतीच्या नळ्या मागून घ्याव्यात.