बाथरूमच्या टाइल्ससाठी हातकटर, मार्बल कटर आणि कोअर बिट : ८ महिन्यांच्या वापरानंतर

वापरातली हत्यारं अशी: ६०० मिमीचा दोन दांड्यांचा हातकटर, ११० मिमी ब्लेडचा मार्बल कटर, १०० मिमीचा ग्राइंडर आणि डायमंड कोअर बिटांचे (गोल भोक पाडणाऱ्या नळीसारख्या बिटांचे) काही आकार. कामं सगळी बाथरूमची. भिंतीला १२ बाय १८ आणि १२ बाय २४ इंची सिरॅमिक, जमिनीला १ बाय १ फुटी अँटी-स्किड (न घसरणारी), काही ठिकाणी २ बाय २ आणि २ बाय ४ फुटी व्हिट्रिफाइड (घट्ट, कडक अंगाची टाइल).

भिंतीच्या कामात हातकटरला तोड नाही. भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, म्हणजे तिचं अंग मऊ. चाकाची एक रेघ, हँडलवर दाब, आणि पीस वेगळा. धूळ नाही, आवाज नाही. दुपारी आवाज बंद ठेवायला लावणाऱ्या सोसायटीतही काम चालू राहतं. फक्त रेघ एकदाच मारायची. दुसऱ्यांदा चाक फिरवलं की ग्लेझच्या (वरच्या चकचकीत थराच्या) कपच्या उडतात आणि तडा रेघ सोडून भलतीकडे जातो. चाक सलग किरकिरत गेलं पाहिजे. मध्ये आवाज तुटला तर तिथे रेघ उमटलेली नाही, आणि टाइल नेमकी तिथेच दगा देते. अँटी-स्किडच्या खरखरीत पृष्ठभागावर चाक उड्या मारतं, तिथे हात हळू आणि दाब थोडा जास्त. इंचापेक्षा बारीक पट्टी यावर काढायच्या फंदात पडू नये, ती अर्ध्यात मोडते.

लांबीचा हिशोब दुकानातच करावा. ६०० मिमीच्या कटरवर २ बाय ४ ची टाइल आडवी कापता येते, उभी नाही. नहाणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) उतार देताना टाइल कर्णात कापावी लागते. १ बाय १ ची टाइल प्रत्यक्षात ३०० मिमीची, तिचा कर्ण ४२४ मिमी, तो सहज बसतो. २ बाय २ चा (६०० मिमीचा) कर्ण मात्र ८४९ मिमी, म्हणजे ८०० चा कटर घेऊनही अडतंच.

घेताना चाकाची गाडी दांड्यांवर मधोमध आणून आडवी हलवून पाहा. नव्या कटरलाच खेळ जाणवला तर तो ठेवून द्या. वापराने खेळ वाढतो, कारण सिमेंटची कच बुशमध्ये (गाडी ज्यावर सरकते त्या कड्यांमध्ये) शिरते. दांड्या रोज कोरड्या फडक्याने पुसाव्यात. तेल थापलं की त्यावर कच आणखी चिकटते. कटरचा गुण्या (काटकोन) तपासायची सोपी रीत: टाइल कापा, दोन्ही तुकड्यांची कंपनीची कड सरळ पट्टीला लावा आणि एक तुकडा उलटा करून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवा. मध्ये पाचर दिसली तर गुण्याची चूक तिच्या निम्मी.

मार्बल कटरमध्ये मशीनपेक्षा ब्लेडकडे बघावं. खाचा असलेलं सेगमेंटेड ब्लेड भिंतीत झिरी मारायला ठीक, टाइलला त्याने कपच्या उडतात. टाइलसाठी अखंड कडेचं ब्लेड, बाणाची दिशा बघून बसवलेलं, आणि पाणी चालू. व्हिट्रिफाइड कापता कापता ब्लेड गुळगुळीत होतं. कड चकाकते, कट जळका येतो, आणि लोक ब्लेड संपलं म्हणून फेकतात. बहुतेकदा ते संपलेलं नसतं, डायमंडचे कण धातूखाली दबलेले असतात. लाल विटेत पाच-सहा चिरा मारल्या की धातू झिजून कण उघडे पडतात.

सगळ्यात जास्त टाइल्स वाया जातात त्या एल कटमध्ये, म्हणजे टाइलचा कोपरा इंग्रजी L सारखा कापताना. कोपऱ्यात आधी ८ मिमीचं भोक पाडावं, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय ब्लेड गोल असल्यामुळे वरची चीर खालच्यापेक्षा पुढे पळते. ९ मिमी जाडीच्या टाइलला ब्लेड १२ मिमी बाहेर ठेवलं तर हा फरक १६ मिमीच्या आसपास येतो. ३० मिमी बाहेर काढलं तर जेमतेम ६. म्हणून सरळ कटला खोली कमी, एल कटला पूर्ण, आणि एल कट नेहमी पाठीमागून. पुढे पळालेली चीर मग मसाल्यात लपते. ग्लेझखाली फोम घालायला विसरू नये, आणि चिरेच्या खाली जागा मोकळी हवी.

अँगल कॉक (भिंतीतला छोटा नळ) आणि मिक्सरच्या (गरम-थंड पाण्याच्या नळाच्या) भोकांना ग्राइंडरने चौकोन कापण्याची सवय अजून जात नाही. फ्लँज (नळाभोवतीची चकती) झाकतो म्हणून खपून जातं, पण चौकोनाच्या कोपऱ्यातून तडा पुढे येतो. कोअर बिट घ्यावं. ड्रिलवरच्या स्वस्त प्लेटिंगच्या बिटाचा डायमंडचा थर अगदी पातळ. सिरॅमिकवर ठीक चालतं, व्हिट्रिफाइडवर लवकर झिजतं. ग्राइंडरला लागणारं ब्रेझ केलेलं (डायमंड धातूने डाखलेलं) बिट महाग, पण टिकतं. बिट तिरकं टेकवून आधी चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग सरळ करा. थोडं कापायचं, उचलायचं, पाणी मारायचं. ड्रिलचं हॅमर बंद. वॉल मिक्सरच्या दोन भोकांचं मध्यांतर १५० मिमी असतं. खुणा मात्र भिंतीतल्या पाइपांवरून मापून घ्याव्यात, कारण प्लंबिंग कधी कधी ४-५ मिमी सरकलेलं असतं.

बाहेरच्या कोपऱ्याला ४५ अंशांचा तिरका कट मारताना ग्राइंडर बरा. ग्लेझपर्यंत धार काढायची नाही, १ मिमी कड राखायची. सुरीसारखी धार बादलीच्या एका धक्क्याने उडते. ११० चं ब्लेड बसवायला ग्राइंडरचं गार्ड काढणारे खूप आहेत. ब्लेडचं भोकही वेगळं असतं, मार्बल कटरला २० मिमी आणि ग्राइंडरला १६. तेव्हा हा खटाटोप नकोच.

पाण्याबरोबर वीज येते, म्हणून मशीन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवरच) लावावी. कोरड्या कटला एन-९५ मास्क हवा; व्हिट्रिफाइडच्या धुळीत सिलिका असते आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही.

पैसे मोजकेच असतील तर आधी हातकटर आणि दोन अखंड कडेची ब्लेडं, मग अँगल कॉकच्या मापाचं एक चांगलं कोअर बिट. मार्बल कटर साधा चालेल. ४ फुटी कटर २ बाय ४ चं काम हातात आल्यावर भाड्याने आणावा.