उन्हाळी शिवणकाम: विकतचा पॅटर्न की ब्राऊन पेपरवरचा बेत?

पॅटर्न म्हणजे कपड्याचे भाग कापण्यासाठीचे कागदी साचे; ते विकत घेऊन छापता येतात, नाहीतर स्वतः ब्राऊन पेपरवर बेतता येतात. विकतच्या पीडीएफ पॅटर्नबद्दल आधी चांगलं बोलते, कारण ते खरंच चांगले असतात. बाही मुंढ्यात, म्हणजे ती जोडायच्या गोलाईत, बसवताना चुण्या पडत नाहीत, खुणेला खूण जुळते, खिसा नक्की कुठे लावायचा तेही सांगितलेलं असतं. (आपल्याकडे बायकांच्या कुर्त्याला खिसा मागून घ्यावा लागतो.) कप साइजप्रमाणे पुढचा भाग वेगवेगळा देणारे डिझायनरही आता बरेच आहेत. याउलट शिवणक्लासातला फॉर्म्युला म्हणजे छातीचा चौथा भाग आणि वर थोडं लूजिंग, म्हणजे सैलपणासाठी जास्तीचं माप. छाती भरलेली आणि खांदे अरुंद असतील तर त्या हिशोबाने गळा हमखास खांद्यावरून उतरतो. टक्स (आकारासाठी दुमडून शिवलेल्या घड्या) घातलेला, अंगाबरोबरचा ड्रेस शिवायचा असेल तर पीडीएफ घ्या, मी अडवणार नाही.

खर्च आणि खटाटोप आहेच. परदेशी पॅटर्नची किंमत सहज हजाराच्या घरात जाते, वर ए-फोरचे वीस-तीस कागद. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ तसंच राहिलं तर सगळाच पॅटर्न लहान होतो, म्हणून चाचणीचा चौकोन असलेलं पान आधी काढून पट्टीने मोजावं. मग ते कागद जमिनीवर पसरून जोडत बसायचं. नागपूरच्या मे महिन्यात कूलर चालू ठेवला तर कागद उडतात आणि दमट हवेने टेप सुटते, बंद केला तर घाम कागदावर टपकतो. तरी हे सगळं सोसण्यासारखं आहे.

माझं गाडं अडलं ते पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर. या पॅटर्नचे लेआउट, म्हणजे कापडावर तुकडे कसे मांडायचे त्याचे आराखडे, बहुतेक 45 किंवा 60 इंच पन्हा धरून काढलेले असतात. गिरणीच्या कापडाला ते चालतं. पण उन्हाळ्यात अंगाला खरं सुख देतं ते हातमागाचं कापड नाहीतर खादी, आणि तिचा पन्हा पुष्कळदा 36 इंच. खणाचा तर साधारण 31.

मी घेतलेला पॅटर्न एका सैल टॉपचा होता. बाही अंगालाच जोडलेली, मुंढा वेगळा नाही, म्हणजे वारा खेळायला उत्तम. पाठीच्या मध्यापासून बाहीच्या टोकापर्यंत तो भाग 21 इंच भरला. 36 चं कापड दुमडलं की हातात उरतात 18. कागदाचं टोक किनारीच्या बाहेर, थेट फरशीवर. आडवा ठेवला तर मावतो, पण मग बुट्टे कुशीवर झोपतात. पाठीला मधोमध जोड द्यायचा तर दोन्ही भाग एकाखाली एक कापावे लागतात, म्हणजे कापड जवळजवळ दुप्पट, शिवाय मलमलीसारख्या पातळ कापडात ती शिवण बाहेरून दिसते. एवढ्या सुंदर पॅटर्नला एवढ्याशा कारणासाठी नाकारावं का, असं कुणी म्हणेल. पण माझ्या कपाटातलं निम्मं कापड याच पन्ह्याचं आहे.

स्वतः बेतताना सुरुवातच पन्ह्यापासून होते. कळीदार कुर्ता घ्या. मधला पट्टा सरळ, घेर कळ्यांमधून, म्हणजे बाजूला जोडलेल्या निमुळत्या तुकड्यांमधून. एका आयताला तिरका छेद दिला की दोन कळ्या तयार, चिंधी जवळजवळ निघत नाही. काखेत चौकोनी तुकडा असतो, त्यामुळे हात वर केला तरी कुर्ता ओढला जात नाही आणि घामाने कापड तिथे घट्ट चिकटून बसत नाही. अरुंद कापडाशी या बेताचं भांडणच नाही.

फॉर्म्युल्याची उणीव भरून काढायला मी नीट बसणारा एक जुना कुर्ता पुढ्यात घेते. खांदा आणि मुंढा त्याच्यावरून आखायचा, लांबी आणि घेर टेपने मापून. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे असं मी म्हणणार नाही, पण माझे कुर्ते अंगावर बसतात. वाट कुठलीही धरा, सुती कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच त्याला कात्री लावायची.

विणकामात मात्र माझा कल उलटा आहे. सुती दोऱ्याचा टॉप अंदाजाने विणला तर स्वतःच्याच वजनाने लोंबतो. तिथे टाक्यांचा हिशोब करून दिलेला पॅटर्न सरळ विकत घ्यावा आणि नमुन्याचा 10 सेंमीचा चौकोन धुऊन, वाळवून मग टाके मोजावेत.

शिवणाची पीडीएफच घ्यायची असेल तर पैसे भरण्याआधी लेआउटचं चित्र आणि कापडाचा तक्ता बघा. माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचं कापड, धरलेली आहे की आपण सोडायची, तेही वाचा. अमेरिकन कंपन्यांच्या कागदी पॅटर्नमध्ये ती बहुधा 5/8 इंच धरलेली असते, जर्मन ‘बुर्डा’ मासिकाच्या तक्त्यांत नसते. गिरणीचं कॅम्ब्रिक (सुती कापड) असेल तर खुशाल घ्या. खादी असेल आणि तक्त्यात 36 इंचाचा रकानाच नसेल, तर मी तरी ब्राऊन पेपर आणते.